फिगर स्केटिंगमध्ये हातमोज्यांना बंदी नाही

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

हिवाळी ऑलिम्पिकच्या निमित्ताने आपल्या रविवारच्या पुरवणीत फिगर स्केटिंगवर आलेला लेख माझ्या आईने नाशिकहून मला मोबाइलवर पाठवला. मराठी वृत्तपत्राने या खेळाला पानभर जागा द्यावी याचा मला आनंद झाला, आणि उड्यांविषयी व गुणपद्धतीविषयी लेखात दिलेली माहितीही बव्हंशी बरोबर आहे. मात्र ‘स्पर्धेत आणि चाचणी परीक्षेत हातमोजे घालण्यास मनाई असते, घातल्यास गुण कापले जातात’ हे त्यातील वाक्य चुकीचे आहे. ते वाचून एखाद्या पालकाने सिमल्याच्या किंवा डेहराडूनच्या बर्फावर आपल्या सात वर्षांच्या मुलीचे मोजे काढून घेऊ नयेत, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते.

मी मूळची नाशिकची, गेली अठरा वर्षे अमेरिकेत मिनेसोटात राहते आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी स्केटिंग शिकू लागले. मी पंच नाही आणि प्रशिक्षकही नाही. इकडे एकवीस वर्षांवरील हौशी लोकांसाठी वेगळ्या चाचण्या असतात, त्या देणाऱ्या अनेकांपैकी मी एक. तरीही हातमोज्यांपुरती नियमपुस्तिका मी जितक्या वेळा उलटसुलट वाचली आहे, तितकी ती फार थोड्यांनी वाचली असेल, कारण हा प्रश्न माझ्या स्वतःच्या बोटांचा आहे.

प्रथम नियम काय आहे ते पाहू. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या, म्हणजे आयएसयूच्या, नियमांत पोशाखाविषयी जे म्हटले आहे त्याचा आशय असा की, स्पर्धकाचा पोशाख शालीन, प्रतिष्ठित आणि खेळाला साजेसा असावा. तो भडक किंवा नाटकी नसावा. निवडलेल्या संगीताचे स्वरूप मात्र त्यात उतरले तर चालेल. अंगप्रदर्शन वाटेल असा तो नसावा. आणि बर्फावर कोणतीही जास्तीची वस्तू किंवा साहित्य आणू नये. या नियमाचा भंग झाला असे पंच आणि रेफरी यांच्या बहुमताला वाटले, तर एक गुण वजा होतो, आणि मते समसमान पडली तर काहीच वजा होत नाही. यात हातमोज्यांचा निषेध कोठेही नाही. कार्यक्रमाच्या, म्हणजे संगीतावर बसवलेल्या सादरीकरणाच्या, आरंभापासून अखेरपर्यंत हातात असलेला मोजा हा पोशाखाचाच भाग ठरतो, जसा मनगटापर्यंतचा बाहीचा कफ ठरतो. तोच मोजा संगीताच्या मध्येच दातांनी ओढून काढला आणि प्रेक्षकांकडे भिरकावला, तर तो पोशाख राहत नाही, ‘साहित्य’ होतो, आणि मग पंचांना आक्षेप घेण्यास जागा मिळते. तो बर्फावर पडला तर पोशाखाचा भाग बर्फावर पडल्याबद्दलचाही एक गुण जातो. हा दुसरा नियम कोणाला जाचक वाटेल, पण त्यामागे कारण आहे: कपड्यावरून निखळलेला हरभऱ्याएवढा चमकता खडा जरी स्केटच्या पात्याखाली आला, तरी वेगात असलेले पाते जागीच अडते आणि वरचा माणूस पुढे फेकला जातो. म्हणून ज्यांना मोज्यांवर खडे चिकटवण्याची हौस आहे, त्यांनी ते चिकटवण्याऐवजी टाके घालून पक्के शिवावेत, किंवा सरळ टाळावेत.

मोजा घालून सर्वोच्च पातळीवर कोणी उतरले आहे काय, असे कोणी विचारील, तर 2006 सालच्या ट्युरिन ऑलिम्पिकमधील जॉनी वीअर या अमेरिकन स्केटरचे उदाहरण पुरेसे आहे. हंसाच्या संगीतावर बसवलेल्या त्याच्या छोट्या कार्यक्रमात, म्हणजे पहिल्या फेरीत, त्याच्या एकाच हातात लालभडक मोजा होता. तो हंसाची चोच दाखवण्यासाठी होता, आणि वीअरने त्या मोज्याला ‘कमील’ असे नावही ठेवले होते. वृत्तपत्रांनी त्यावर यथेच्छ विनोद केले, परंतु त्या फेरीअखेर तो रशियाच्या प्लुशेन्कोच्या खालोखाल दुसऱ्या स्थानावर होता. पुढे मुख्य कार्यक्रमात तो मागे पडला आणि पाचवा आला, त्याचा मोज्याशी काही संबंध नव्हता.

या खेळाने पोशाखाबद्दल कडक नियम केलेच नाहीत असे नाही. 1988च्या कॅलगरी ऑलिम्पिकमध्ये पूर्व जर्मनीच्या कातारिना विट हिच्या पोशाखावर गदारोळ झाला, त्यानंतर स्त्रियांनी कंबर आणि नितंब झाकणारा स्कर्ट घातलाच पाहिजे असा दंडक आला, आणि एकेरी स्पर्धेत स्त्रियांना पँट घालण्याची मुभा मिळायला 2004 साल उजाडावे लागले. म्हणजे स्त्रीच्या मांड्या किती दिसाव्यात यावर नियम करणाऱ्यांनी पुष्कळ शाई खर्च केली, मात्र तिच्या हाताच्या बोटांकडे त्यांचे लक्ष गेले नाही, हे एका परीने बरेच झाले.

मग बंदीची समजूत आली कोठून? माझ्या मते ती इतिहासातून आलेली नाही. हा खेळ जन्मला तो उघड्यावर, गोठलेल्या तळ्यांवर आणि मैदानांवर, आणि त्या काळी हातमोजे घालणे ही टोपी घालण्याइतकी साधी गोष्ट होती. ऑलिम्पिकमधील फिगर स्केटिंग उघड्यावर झाले ते शेवटचे 1956 साली, तेही इटलीतील कोर्तिना द’अँपेझो येथे, ज्या गावाचे नाव 2026च्या हिवाळी ऑलिम्पिकला मिलानबरोबर जोडलेले आहे. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तर 1967 साली व्हिएन्नात पावसात भिजेपर्यंत उघड्यावरही होत असे. पुढे सर्व काही छपराखाली आले, रिंकच्या, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानाच्या, हवेत उबारा आला, दिव्यांचा झगझगाट आला आणि उघडा हात शोभू लागला. नृत्यात बोटांच्या टोकापर्यंत शरीराची रेषा दिसावी लागते, आणि काळ्या मोज्याने ती रेषा मनगटापाशी तुटल्यासारखी वाटते, हे प्रशिक्षकांचे म्हणणे खरे आहे. ज्याचे हात मुळातच ढिले पडतात, त्याचा ढिलेपणा मोज्यामुळे अधिक उठून दिसतो, हेही खरे. परंतु ही दृष्टीची गोष्ट झाली, आणि ‘मोजे काढलेस तर हात अधिक देखणे दिसतील’ या सल्ल्याचे ‘मोजे घातलेस तर गुण जातील’ असे रूपांतर होण्यास एका पिढीचा अवधी पुरतो. मी ज्या ज्या रिंकवर गेले, तिथे हा ‘नियम’ सांगणारे कोणी ना कोणी भेटले. कलम मात्र आजवर कोणी दाखवले नाही.

माझी पहिली चाचणी याच समजुतीच्या छायेत झाली. चाचणीच्या दिवशी सकाळी सात वाजता रिंक रिकामी असते, बर्फ नुकताच यंत्राने गुळगुळीत केलेला असतो आणि त्यावर पाण्याचा पातळ थर अजून गोठायचा असतो. एका बाजूच्या कठड्यापाशी परीक्षक घोंगडी पायांवर घेऊन बसलेले असतात. माझे नाव पुकारल्यावर त्या वेळच्या माझ्या प्रशिक्षिकेने कठड्यावरून हात पुढे केला आणि मोजे मागितले, कारण परीक्षकांना ते आवडत नाहीत. मी दिले. मला रेनॉडचा विकार आहे, म्हणजे थंडीत बोटांतील बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, बोटे आधी खडूसारखी पांढरी होतात, मग निळी पडतात आणि ऊब मिळाली की लालबुंद होऊन ठणकतात. स्केटिंगच्या बर्फाचे तापमान साधारण उणे तीन-चार अंश असते आणि त्यावरील हवा चांगल्या रिंकमध्येही फार तर आठ-दहा अंशांची. दुसऱ्याच फेरीत उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका मला जाणवेनाशी झाली. हात बाजूला पसरून खांद्याच्या रेषेत स्थिर ठेवायचे असतात, पण ज्या हाताची जाणीवच नाही तो स्थिर आहे की लोंबतो आहे हे कळावे कसे? वळणावर मी पडले, उघडा तळवा बर्फावर घासत गेला, आणि पात्यांचे ओरखडे उमटलेला बर्फ खरकागदापेक्षा सौम्य नसतो हे मला समजले.

त्या दिवशी निकाल ‘पुन्हा प्रयत्न करा’ असा आला. इकडे नापास म्हणत नाहीत, ही या पद्धतीची एक चांगली गोष्ट. मी मोज्यांअभावी नापास झाले असे म्हणणे मात्र लबाडीचे ठरेल. पात्याच्या बाहेरच्या कडेवर मी काढलेली अर्धवर्तुळे बटाट्याच्या आकाराची होती, आणि मोज्यांनी ती गोल झाली नसती. काही आठवड्यांनी मी तीच चाचणी हातात मोजे घालून दिली आणि उत्तीर्ण झाले. निकालपत्रिकेवर मोज्यांबद्दल अक्षर नव्हते. नंतर एका परीक्षक बाईंना मी धीर करून विचारले, तेव्हा त्यांनी आश्चर्यच व्यक्त केले. आपण कडा, वेग आणि पाठीचा ताठपणा पाहतो, हात पाहतो तो केवळ तोल सांभाळण्यासाठी ते हेलकावे तर घेत नाहीत ना यासाठी, असे त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांच्या स्वतःच्या हातात लेखणी धरण्यासाठी बोटे उघडी असलेले जाड लोकरी मोजे होते.

येथे एक आडवाट घेते, कारण ती आपल्या वाचकांच्या जवळची आहे. मोजा डोळ्यांत भरू नये म्हणून त्वचेच्या रंगाचे मोजे घालावेत, असा तोडगा सर्रास सुचवला जातो. दुकानात ‘त्वचेचा रंग’ म्हणून जो मिळतो, तो फिकट गुलाबी रंग माझ्या गव्हाळ हातावर चढवला की हात भाजल्यावर पट्टी बांधल्यासारखा दिसतो. मी अखेर घरीच उपाय केला. पातेल्यात चार चमचे चहाची पूड घालून गडद कोरा चहा उकळला, गाळला आणि मोज्यांची जोडी त्यात अर्धा तास बुडवून ठेवली. पहिल्या वेळी रंग पिवळट आला, दुसऱ्या बुडीनंतर तो मनगटाच्या रंगाशी जुळला. दोन धुण्यांनंतर तो फिकटतो, आणि प्रत्येक चाचणीआधीच्या रात्री माझ्या स्वयंपाकघरात पुन्हा एकदा मोज्यांचा चहा होतो.

आता सुरक्षेकडे येते, कारण माझ्या दृष्टीने खरा मुद्दा हाच आहे. फिगर स्केटचे पाते तीन-चार मिलिमीटर रुंद असते, मधोमध खोलगट घासलेले असते, आणि त्यामुळे त्याला एक नव्हे तर दोन धारदार कडा असतात. 1956च्या ऑलिम्पिकआधी काही दिवस सराव करताना अमेरिकेची टेन्ली ऑलब्राइट पडली, तेव्हा तिच्याच डाव्या पात्याने उजव्या पायाचा बूट कापून घोट्यापर्यंत घाव केला होता. तिचे शल्यचिकित्सक वडील धावून आले आणि तरीही ती सुवर्णपदक जिंकली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पाते बूट कापते, ही त्यातली दुसरी गोष्ट आपण विसरतो. 2007च्या फेब्रुवारीत कॉलोराडो स्प्रिंग्ज येथील स्पर्धेत शेजारी शेजारी गिरकी घेत असताना कॅनडाच्या जेसिका द्युबेच्या चेहऱ्यावर तिच्या जोडीदाराचे पाते लागले. हाताचे तर विचारूच नका. नवशिक्याला पहिल्याच दिवशी शिकवतात ते हे की पडल्यावर बोटे पसरून बर्फावर टेकू नयेत, मूठ मिटावी आणि लगेच उठावे, कारण मागून येणारा मुलगा आपल्या बोटांवरून जाऊ शकतो. साधा लोकरी मोजा पात्याला अडवील असा माझा दावा नाही, तो निसटता ओरखडा आणि बर्फाची खरचट तेवढी वाचवतो. परंतु लहान मुलांच्या गर्दीच्या वर्गात निसटते ओरखडेच जास्त होतात.

या संदर्भात एक विसंगती आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी टिपण्यासारखी आहे. 2026च्या ऑलिम्पिकमध्ये मिलानजवळच्या अस्सागो येथील ज्या सभागृहात फिगर स्केटिंग झाले, त्याच बर्फावर शॉर्ट ट्रॅक वेगवान स्केटिंगच्या शर्यतीही झाल्या. दोन्ही खेळ एकाच संघटनेच्या अखत्यारीतले. शॉर्ट ट्रॅकच्या खेळाडूला कापले न जाणारे हातमोजे सक्तीचे असतात, कारण वळणावर तो डावा हात बर्फावर टेकवतो आणि पडला तर चार-पाच जणांची पाती अंगावरून जाऊ शकतात. त्याच बर्फावर दुसऱ्या दिवशी उतरणाऱ्या फिगर स्केटरला सक्तीही नाही आणि बंदीही नाही, तो त्याच्या मर्जीचा मालक आहे. मला ही व्यवस्था योग्य वाटते. एकटा स्केटर असतो तेव्हा रिकाम्या बर्फावर त्याला दुसऱ्याच्या पात्याचे भय नसते.

मोजे घालू नयेत असे प्रसंगही आहेत, ते लपवून ठेवणे योग्य होणार नाही. जोडीच्या स्केटिंगमध्ये पुरुष स्त्रीला डोक्यावर उचलतो तेव्हा तळव्याला तळवा भिडतो, आणि तिथे मोजा घसरला तर ती सहा-सात फुटांवरून बर्फावर पडते. त्यामुळे बहुतेक जोड्या उघड्या हातांनीच खेळतात. पाय मागून डोक्यावर नेऊन पाते हाताने धरायची जी गिरकी आहे, तिच्यात मात्र दोन मते आहेत. काहींना मोजा हवा असतो कारण धार तळव्यात रुतते, तर काहींना तो नको असतो कारण लोकरीवरून ओले पाते सटकते. यावर रबरी ठिपके असलेला तळवा हा मधला मार्ग आहे. वेगवान गिरकीत रक्त बोटांच्या टोकांकडे ओढले जाऊन हातावर लाल ठिपके उमटतात, तेही मोज्याने थांबत नाहीत. आणि उतरताना हात बर्फाला टेकला तर उडीचे गुण कमी होतात, मग त्या हातात मोजा असो वा नसो. मोज्यामुळे कोणाला फायदा मिळतो, हा आरोप त्यामुळे उभाच राहत नाही.

आपल्याकडील स्थिती पाहता हा विषय दूरचा राहिलेला नाही. सिमल्याची नैसर्गिक बर्फाची रिंक 1920 पासून चालू आहे आणि तिथे सकाळच्या सत्रात उघड्या हाताने उभे राहणेच अवघड असते. 2011च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी डेहराडूनमध्ये बांधलेली आणि पुढे अनेक वर्षे बंद पडलेली हिमाद्री रिंक 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली असून, तिथे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शॉर्ट ट्रॅकची आशियाई स्पर्धाही झाली. पुणे, मुंबई, नाशिक येथे चाकांच्या स्केटवर कलात्मक स्केटिंग करणारी मुले थोडी नाहीत, आणि त्यांच्यापैकी काहींना बर्फावर उतरण्याची ओढ लागणारच. चाकांच्या रिंकवर थंडीचा प्रश्न नसतो, म्हणून हाताकडे त्यांचे लक्ष नसते. बर्फावर आल्यावर त्यांच्या पालकांनी विचारलेला पहिलाच प्रश्न ‘मोजे चालतात का’ हा असेल, आणि उत्तर शोधताना त्यांना आपला लेख सापडेल.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली आयोजकांना. स्पर्धेच्या वा चाचणीच्या सूचनापत्रकात पोशाखाखाली ‘साधे हातमोजे चालतील, सुटे खडे, लोंबते दोरे आणि मध्येच काढले जाणारे मोजे नकोत’ एवढे एक वाक्य मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापावे, म्हणजे ऐनवेळी कठड्यापाशी उभे राहून मुलांच्या हातांवरून वाद होणार नाहीत. ज्या मुलाला वैद्यकीय कारणाने मोजे हवे आहेत, त्याच्याकडून दाखला मागण्याचीही मग गरज उरणार नाही, कारण जे सर्वांना मोकळे आहे त्याची परवानगी कोणी कशाला मागावी?

दुसरी विनंती आपल्याला. ही दुरुस्ती शक्य तर पुरवणीच्या त्याच पानावर छापावी. आईने लेखाचे कात्रण फाइलला लावून ठेवले आहे आणि त्या चुकीच्या वाक्याखाली मी सांगितल्यावरून पेन्सिलीने रेघ ओढली आहे. पेनाने ओढायला ती तयार नाही, दुरुस्ती छापून येईपर्यंत संपादकांना संशयाचा फायदा द्यावा असे तिचे मत आहे.

आपली नियमित वाचक,
मिनियापोलिस (मूळ नाशिक)